नमुना कुजला, सबब नस्ती बंद

सरकारी कागदाला जन्मतःच आयुष्य ठरवून मिळतं. अ वर्गाचा कागद कायम जपायचा, ब वर्गाचा ३० वर्षं, क वर्गात दोन पोटभेद, एक १० वर्षांचा आणि एक ५ वर्षांचा. आणि ड वर्ग म्हणजे काम झालं, वर्ष उलटलं की नष्ट. माझी सगळी नोकरी अभिलेख कक्षात गेली. म्हणजे कोणता कागद कधी मरणार हे ठरवण्यात आणि तो वेळेवर मेला की नाही ते पाहण्यात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थांनी सासऱ्यांना ‘मुलगा रेकॉर्ड सांभाळतो’ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी रेकॉर्ड नष्ट करायच्या परवानग्या मागत बसायचो. ती परवानगी येईपर्यंत वाळवी विनापरवाना काम उरकून मोकळी झालेली असायची. मग वाळवीने खाल्लेला कागद नष्ट करण्यासाठी नव्याने प्रस्ताव पाठवावा लागायचा.

निवृत्तीनंतर हे ज्ञान कोणाच्या उपयोगी पडेल ही आशा मी सोडली होती. पेन्शनरांच्या कट्ट्यावर गुडघे आणि महागाई भत्ता हे दोनच विषय चालतात. पण आमची कन्या पुण्यात डिझाइन शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिने विषय घेतला तो असा, की घरच्या घरी करता येईल आणि काम झाल्यावर मातीत मिसळून जाईल असं मटेरिअल तयार करायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती एक भलंमोठं खोकं घेऊन साताऱ्याला आली. खोक्यात ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा वजनकाटा, थर्मामीटर, ग्लिसरीनची बाटली, जिलेटिनचे पुडे आणि अॅक्रिलिकचे तुकडे. आमची ही त्या खोक्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर मी पूर्वी फक्त ऑडिट पार्टी आल्यावर साहेबांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

“बाबा, एक काम कराल? बनवायचं सगळं मी बघते. लिहायचं तेवढं तुम्ही घ्या. आमचे सर म्हणतात, सँपल फसलं तरी चालेल, डॉक्युमेंटेशन फसता कामा नये.”

या सरांना मी अजून भेटलेलो नाही. पण असं वाक्य अख्ख्या नोकरीत एकाही साहेबाच्या तोंडून मला ऐकायला मिळालं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी राजवाड्यापाशी जाऊन जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, पानांवर क्रमांक घातले, पहिल्या पानावर ‘प्रमाणित करण्यात येते की’ पासून सुरू होणारा दाखला लिहून खाली सही ठोकली आणि रकाने आखले: दिनांक, घटक, प्रमाण, कृती, वाळण्यास लागलेला कालावधी, निरीक्षण, शेरा. कन्या म्हणाली, फोटोही लावायचे आहेत. मी ‘सोबत: छायाचित्र’ असा रकाना वाढवला. ती म्हणाली, बाबा, थोडं साधं लिहा ना. मी म्हटलं, साधं लिहिलं तर वाचणाऱ्याला ते खरं वाटत नाही.

पहिला वाद जिलेटिनवरून झाला. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातडीपासून काढतात, ही माहिती कन्येने आईच्या देखत अगदी उत्साहाने दिली. माझी आई माळकरी. ती काही बोलली नाही, उठली आणि देवघराचा पडदा ओढून घेतला. आमच्याकडे याला ठराव मंजूर झाला असं समजतात. सबब जिलेटिन विभाग गॅलरीत हलवण्यात आला. तिथे इंडक्शनची शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा डाव, आणि घरात परत येण्यापूर्वी हातपाय धुण्याची अट.

४८ ग्रॅम जिलेटिन, १२ मिली ग्लिसरीन, २४० मिली पाणी हे प्रमाण धरून कन्येने सुरुवात केली. मंद आचेवर ढवळायचं, उकळी फुटू द्यायची नाही, वर आलेला फेस चमच्याने हलकेच काढायचा आणि पसरट साच्यात ओतायचं. काम शांततेचं आहे. वास मात्र शांततेचा नाही. शेजारच्या काकू येऊन ‘तुमच्या गॅलरीत काही मरून पडलंय का बघा’ असं सांगून गेल्या. माहिती अगदीच चुकीची होती असं म्हणवेना.

खरी पंचाईत हवेने केली. ओलं जिलेटिन थिजायला गारवा लागतो आणि साताऱ्याच्या मे महिन्यात तो दुपारी कुठून आणायचा? साच्यात ओतलेलं सगळं सारासारखं डुचमळत पडून राहिलं. रात्री उशिरा वारा सुटला तेव्हा ते धरलं आणि सकाळी उन्हं गॅलरीत आल्यावर पुन्हा वितळलं. मी शेरा लिहिला: ‘नमुना दिवसा द्रव, रात्री घन. अंतिम स्वरूपाबाबत निर्णय प्रलंबित.’

मग किराणा दुकानातून चायना ग्रास आलं. हे समुद्री शेवाळापासून काढतात. आपल्याकडे रामेश्वरमच्या किनाऱ्यावर बायका बुड्या मारून ते शेवाळ गोळा करतात. शाकाहारी म्हटल्यावर आईने देवघराचा पडदा उघडला आणि ‘उपवासाला चालतं का’ एवढंच विचारलं. कन्येने तिला सांगितलं की आजी, जिलेटिनला कंटाळून इकडे वळणारे आपण पहिले नाही. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरायचे. ते उबेत वितळायचं आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांची बायको फॅनी घरी जेलीत आगर घालायची. आगर म्हणजेच आपलं चायना ग्रास. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्यांकडून तिला ते कळलं होतं. १८८१ मध्ये तिने नवऱ्याला सुचवलं, हे वापरून बघा. ते एकदा थिजलं की उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवल्याशिवाय वितळत नाही. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू या बाईच्या जेलीवर वाढतात. पुढच्याच वर्षी कॉखसाहेबांनी क्षयाच्या जंतूंवरच्या निबंधात आगरचा उल्लेख केला, पण हेसे नवराबायकोचा नाही.

मला गहिवरून आलं. टिपणी तयार करणाऱ्याचं नाव आदेशात येत नाही, ही पद्धत फक्त आपल्याकडचीच असेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

चायना ग्रासचा पत्रा कसा होतो ते मात्र बघण्यासारखं असतं. पूड पाण्यात विरघळली की पातेल्यातलं सगळं एकदम नितळ दिसतं. त्यात कांद्याच्या सालींचं उकळून गाळलेलं पाणी घातलं की मधाचा रंग येतो. अॅक्रिलिकवर लाकडी चौकट ठेवून ओतलं की काही मिनिटांत थरथरणारी वडी तयार. मग ती वाळत जाते. बोटाएवढी जाडी रोज थोडी थोडी उतरत कागदावर येते. कडा आधी वाळतात, चौकटीपासून सुटतात आणि आतल्या बाजूला वळायला लागतात. मधला भाग अजून गार आणि ओला असतो. कोपऱ्याखाली नख घालून ओढलं की टर्र असा आवाज होऊन सगळा पत्रा हातात येतो. उजेडासमोर धरला तर पलीकडे गॅलरीचे गज दिसतात, त्यांच्यापलीकडे अजिंक्यतारा, सगळं मधाच्या रंगात. ग्लिसरीन कमी पडलं तर हाच पत्रा दुसऱ्या दिवशी काचेसारखा तडकतो. जास्त झालं तर तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि ज्याला हात लावाल त्याला चिकटतो. आमच्या एका पत्र्याने वर्तमानपत्राला असं काही धरलं की त्यातलं राशिभविष्य उलट्या अक्षरांत त्याच्या अंगावर उमटलं. कन्येला ते फार आवडलं. मी ‘निरीक्षण’ रकान्यात ‘वृश्चिक: प्रवासयोग’ अशी नोंद घेतली.

खरा प्रकल्प पिठापासून सुरू झाला. कॉर्नफ्लोअर, पाणी, थोडं ग्लिसरीन, थोडं व्हिनेगर. पांढरं पाणी ढवळता ढवळता एकदम दाटतं आणि पारदर्शक होतं. कन्या डाव फिरवत होती, मी घड्याळ लावून बसलो होतो. तेवढ्यात आई पाणी प्यायला आत आली, तिने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “चीक करताय? मग गुठळ्या का होऊ दिल्या?”

कन्या डाव हातात धरून तशीच उभी राहिली. कुरडईचा चीक म्हणजे गव्हाचा स्टार्च, तो शिजवून सोऱ्याने दाबून उन्हात वाळवायचा. हे तिने वर्गात चार लाखांची फी भरून शिकलेलं होतं आणि आजी ते गच्चीवर फुकट करत होती. आता इथून पुढे आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, अशा वळणावर जायचा मोह मला झाला असता. आईने तो होऊ दिला नाही. ती म्हणाली, “यात ग्लिसरीन घातलंत, आता खायचं कसं? वाया घालवलंत की.”

मी मात्र संधी साधून आईचा रीतसर जबाब नोंदवायचं ठरवलं. कागद घेतला. ‘समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देते की’ एवढं लिहून सुरुवात केली.

“गहू किती घ्यायचे?”

“असतील तेवढे.”

“भिजत किती ठेवायचे?”

“तीन दिवस. रोज पाणी बदलायचं. आंबूस वास सुटला की समजायचं झाले. मग वाटायचे, गाळायचे आणि रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरची निवळ ओतून टाकायची, खाली चीक राहतो.”

“शिजवताना पाणी किती?”

“चिकाएवढं. गहू जुना असला तर थोडं जास्त.”

“थोडं म्हणजे?”

“थोडं म्हणजे थोडं. तुला समजत नसेल तर हिला विचार.”

“शिजला हे कळतं कसं?”

“ओलं बोट लावायचं. चिकटलं नाही की शिजला.”

कन्येने थर्मामीटर पुढे केला. आईने तो बाजूला सारून बोट पुढे केलं. बोटाचं अंशांकन कसं करायचं यावर बापलेकीची बरीच चर्चा झाली आणि शेवटी रकान्यात ‘बोट (आजी)’ असं उपकरणाचं नाव गेलं.

जबाब पूर्ण झाला की तो देणाऱ्याला वाचून दाखवायचा असतो. मी वाचला. आई डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मीठ कुठंय?”

“तू सांगितलंच नाहीस.”

“मीठ काय सांगायचं? ते असतंच.”

माझ्या मते डॉक्युमेंटेशनची सगळी गोम इथे आहे. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कोणीच लिहीत नाही आणि सगळे गेले की ते कोणालाच ठाऊक नसतं. आमच्या अभिलेख कक्षात ब्रिटिश अमदानीतले कागद होते. कोणाच्या म्हशीने कोणाचा ऊस खाल्ला हे त्यात तपशीलवार सापडायचं. पण अर्ज कुठे द्यायचा, कोणाच्या हातात द्यायचा आणि द्यायच्या आधी कोणाला नमस्कार घालायचा, हे एका ओळीतही नाही. तेव्हा ते असायचंच.

आमच्या रजिस्टरातलं मीठ थोड्याच दिवसांत उघडकीला आलं. कन्येने समुद्री शेवाळाच्याच सोडियम अल्जिनेट नावाच्या पुडीपासून एक सुरेख लवचिक पत्रा केला होता. त्याची माझ्या हस्ताक्षरातली नोंद तिने रत्नागिरीच्या मैत्रिणीला पाठवली. मैत्रिणीने नोंद अक्षरशः पाळली आणि तिच्या पातेल्यात नुसत्या गुठळ्या झाल्या. दोघींनी फोनवर खूप डोकं लढवलं. मैत्रिणीकडे बोअरचं पाणी होतं. जड पाण्यात कॅल्शियम असतं आणि अल्जिनेटला कॅल्शियम दिसलं की ते जागच्या जागी घट्ट होतं. आम्ही नळाचं पाणी वापरलं होतं आणि नोंदीत नुसतं ‘पाणी’ लिहिलं होतं, कारण पाणी ते पाणी. शिवाय आमचा चायना ग्रासचा पत्रा साताऱ्याच्या कोरड्या उन्हात खडखडीत वाळतो. तिचा कोकणच्या दमट हवेत वाळायचं नाव घेईना आणि त्याला हिरवट लव फुटली. मी रजिस्टराला तीन रकाने वाढवले: पाण्याचा स्रोत, हवामान, साच्याखालील पृष्ठभाग. रजिस्टर आता आडवं धरून लिहावं लागत होतं. नोकरीत असताना एवढे रकाने कोणी मला आखू दिले नसते.

साच्याखालच्या पृष्ठभागाचा रकाना भरताना मात्र पेन अडखळलं. तिथे दर वेळी एकच शब्द येत होता. अॅक्रिलिक. कुजणारा पत्रा वाळवायचा तर तो न कुजणाऱ्या प्लास्टिकवरच. लाकडावर तो चिकटतो, कापडावर विणीचा ठसा घेतो, स्टीलच्या ताटावरून निघता निघत नाही. मी ही गोष्ट विजयी मुद्रेने कन्येच्या नजरेस आणून दिली तर ती म्हणाली, “आजीच्या साबुदाण्याच्या पापड्या कशावर वाळतात?” गच्चीवर जाऊन पाहिलं. प्लास्टिकच्या कागदावर. आई म्हणाली, पूर्वी धोतरावर घालायचो, मग अर्ध्या पापड्या धोतरासकट सोलाव्या लागायच्या.

प्लास्टिकबद्दल आईशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे एक पिशवी टांगलेली असते आणि त्या पिशवीत पिशव्या असतात. दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून, वाळवून, घडी घालून. श्रीखंडाच्या डब्यांची वेगळी माळ. आईच्या लहानपणी घरोघरी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या. रद्दी भिजवून कुटायची, त्यात वाटलेल्या मेथ्या घालायच्या आणि उपड्या पातेल्यावर थापून वाळवायच्या. मेथ्यांनी लगदा मिळून येतो आणि किडीलाही आळा बसतो. कन्येने हे ऐकून लगेच वही उघडली. आईने वही मिटायला लावली.

“टोपली छान व्हायची ग. पण पावसाळ्यात बुरसायची. उंदराने धरली की गेली. दर उन्हाळ्यात नवीन करा. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावायची, ती बरी. पण खळ करायची कोणी? आम्हीच. प्लास्टिकचा डबा आला तेव्हा आमचे हात सुटले. पाण्याची तर गोष्टच सोड. तांब्याची घागर डोक्यावर घेऊन तू विहिरीवरून दोन खेपा कर आणि मग मला सांग प्लास्टिक वाईट.”

यावर कन्येकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, कुजणाऱ्या वस्तूंचं कौतुक करणाऱ्यांनी हे नीट ऐकून घ्यावं. कुजणारी वस्तू माणूस मागते. ती वाळवायला, उलटायला, झाकायला, पुन्हा करायला कोणीतरी दिवसभर घरात असावं लागतं आणि ते कोणीतरी कोण, हे घरोघरी ठरलेलं होतं.

पण आईच्या त्या पिशव्यांच्या पिशवीकडे बघता बघता माझ्यातला अभिलेखपाल जागा झाला. कोथिंबिरीची जुडी मंडईतून घरी येईपर्यंत लागणारी पिशवी म्हणजे शुद्ध ड वर्ग. वीस मिनिटांचं काम. तिला आपण अ वर्गाचं मटेरिअल देतो, कायम जतन. आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरची १० वर्षांची वॉरंटी, जी क वर्गात जायला हवी, ती ज्या थर्मल कागदाच्या पावतीवर छापून देतात ती पावती वर्षभरात कोरी होते. म्हणजे दोष मटेरिअलचा नाही, वर्गीकरण करणाऱ्याचा आहे. पाण्याची घागर खुशाल प्लास्टिकची असावी, ती वर्षानुवर्षं राबते. राज्यात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि ३ महिने कैद. आमच्या कार्यालयात त्या आदेशाच्या प्रती पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरांतून आल्या होत्या. प्रती मी वाटल्या, फोल्डर काढून ठेवले. प्रती आता कुठे असतील देव जाणे. फोल्डर माझ्याकडे आहेत, नव्यासारखे.

हा वर्गवारीचा मुद्दा मी रात्री जेवताना मांडला. कन्या खाता खाता थांबली. दुसऱ्या दिवशी तो तिच्या प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर होता. खाली माझं नाव नव्हतं. फॅनी हेसेची मला पुन्हा एकदा आठवण झाली.

दुधाच्या बटणांबद्दल लिहू नये असं हिने बजावलं आहे, तरी थोडक्यात लिहितो. १८९७ मध्ये जर्मनीतल्या क्रिशे आणि स्पिटेलर या दोघांनी दुधातलं केसीन फॉर्मलिनने कडक करून गॅलॅलिथ नावाचं मटेरिअल काढलं. क्रिशेंना म्हणे शाळेसाठी पांढऱ्या पाट्या हव्या होत्या. दंतकथा अशी की स्पिटेलर यांच्या मांजरीने तिच्या दुधात फॉर्मलिन सांडलं आणि शोध लागला. पाट्यांचं काय झालं ते राहू द्या, पण युरोपभर त्याची बटणं, कंगवे आणि विणायच्या सुया निघाल्या. घरात फॉर्मलिन आणायचं नाही हे ठरलेलं होतं. म्हणून कन्येने कोमट दुधात नुसतं व्हिनेगर घालून ते फाडलं, चोथा फडक्यात पिळून घट्ट दाबला, गोल टिकल्या कापल्या, दाभणाने भोकं पाडली आणि वाळवल्या. दिसायला हस्तिदंती. चांगलं दूध नासवलेलं पाहून हिचा चेहरा जो उतरला तो उतरलाच. मी पितृकर्तव्य म्हणून ती बटणं सदऱ्याला लावून कट्ट्यावर गेलो. येताना वळवाची सर आली. फॉर्मलिन न दाखवलेलं केसीन पाण्याने मऊ पडतं, ही शास्त्रीय वस्तुस्थिती मला पोवई नाक्यावर समजली. बटणं फुगून काजात अशी बसली की घरी आल्यावर सदरा डोक्यावरून ओढून काढावा लागला. तो दोरीवर टाकला तर शेजारचं मांजर त्याच्याखाली येऊन बसलं. स्पिटेलरबद्दलच्या दंतकथेवर माझा आता विश्वास बसला आहे.

शेवटचा टप्पा कुजण्याचा. सगळ्या पत्र्यांचे सारखे तुकडे कापून ते गॅलरीतल्या कुंड्यांत पुरले आणि वर पाट्या लावल्या. सौम्य स्मशानकळा आली. बाजारात ‘कंपोस्टेबल’ म्हणून मिळणाऱ्या पिशव्यांसाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. त्यात १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा वायू व्हावा लागतो आणि ८४ दिवसांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांपेक्षा जास्त काही उरता कामा नये. चाळणीचा उल्लेख निघताच आईने रव्याची चाळणी उचलून आपल्या कपाटात नेऊन ठेवली. मुख्य म्हणजे ती परीक्षा सुमारे ५८ अंश तापलेल्या कंपोस्टमध्ये घेतात. आमच्या तुळशीशेजारच्या कुंडीत ५८ अंश मे महिन्यातही होत नाहीत. त्यामुळे बाजारातल्या त्या पिशवीचा तुकडा आम्ही मुद्दाम शेजारी पुरला होता, तो उकरला तेव्हा जसाच्या तसा निघाला, छापील हिरव्या पानासकट. जिलेटिनचा तुकडा मात्र केव्हाच बेपत्ता. पिठाचा मुंग्यांनी नेला. चायना ग्रासचा मऊ होऊन मातीच्या रंगाचा झाला होता आणि त्यातून मोहरीसारखं काहीतरी उगवलं होतं. मी दोन पंचांसमक्ष (आई आणि शेजारच्या काकू) पंचनामा केला आणि डेडस्टॉकमधून वस्तू कमी करताना करतात तसा निर्लेखन प्रस्ताव तयार केला. शेरा: ‘नमुना कुजला, सबब नस्ती बंद.’ एवढा निखळ, वादातीत शेरा लिहायची संधी मला नोकरीत कधी मिळाली नव्हती. तिथे प्रकरणं कुजायची, पण नस्ती बंद व्हायची नाही.

रजिस्टर पाहून कॉलेजातले सर खूश झाले, असं कन्येने फोनवर सांगितलं. पाठोपाठ दुसरी बातमी. कॉलेजच्या मटेरिअल लायब्ररीत प्रत्येक नमुन्याचा एक तुकडा द्यायचा असतो आणि तो पाच वर्षं तिथे राहिला पाहिजे असा नियम आहे. “बाबा, हे पावसाळा काढायचे नाहीत. तुमच्याकडे उरलेत ते लॅमिनेट करून पाठवता का?”

मी तिला विचारलं, “म्हणजे कुजणारी वस्तू कुजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये बंद करायची?”

“रेकॉर्डसाठी, बाबा.”

रेकॉर्डसाठी म्हटल्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही. पाकीट घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. पोराने कांद्याच्या सालीचा पत्रा उजेडात धरला, हुंगला आणि विचारलं, “काका, पापड आहे का? तेल सुटंल मशिनीत.” मी त्याला शेवाळ, स्टार्च, वर्गवारी असं सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि दहा रुपये जास्त घेईन म्हणाला. चायना ग्रास सुखरूप पार पडलं. जिलेटिन रोलरच्या उष्णतेने पाऊचच्या चारी कडांनी बाहेर आलं आणि मागून येणाऱ्या कोणाच्या तरी जातीच्या दाखल्याला जाऊन बिलगलं. त्यानंतरच्या संभाषणाची नोंद रजिस्टरात नाही.

उरलेले नमुने घरी आणून मी टेबलावर मांडले. चकचकीत, गुळगुळीत, कडा सीलबंद. आई चष्मा लावून एकेक उचलून बघत होती. पाणी शिंपडून पाहिलं, नख लावून पाहिलं. मग आत गेली आणि तिचा हरिपाठ घेऊन आली. मुखपृष्ठ गळालेलं, कडांना पानं पिवळी पडून झडत आलेली.

“हा जपून ने,” ती म्हणाली, “आणि एकेक पान सुटं करून घे. दोन्ही बाजूंनी करायला सांग. त्याला म्हणावं, पापड नाही.”